चौथा रकाना

रमण ओगलेला न्यूझीलंडमध्ये येऊन एकोणीस वर्षं झाली होती आणि त्यातली बारा त्याने बर्फाच्या रिंकच्या काठाशी कुडकुडत काढली होती. स्वतः त्याने कधी पायात स्केट चढवला नाही. मुलगी वल्लरी लहानपणी आइस हॉकी खेळायची, तिला सोडायला जायचं, आणि थांबायचंच आहे तर नुसतं कशाला थांबा, म्हणून त्याने आधी मॅचच्या घड्याळाचं काम घेतलं, मग स्कोअरचं, मग व्हिडिओचं. वल्लरीने पंधराव्या वर्षी हॉकी सोडली, पुढे वेलिंग्टनला जाऊन वकिलीला लागली, आणि बाप रिंकवरच राहिला. पुण्याच्या माणसाला एकदा एखाद्या समितीवर घेतलं की तो आपणहून उतरत नाही.

समिती होती शिस्तीची. लीग म्हणायला प्रोफेशनल. परदेशातून चार-दोन खेळाडू पगारावर आणायचे, बाकीची मंडळी दिवसा सुतारकाम करून, शाळेत शिकवून संध्याकाळी खेळायची. धक्के मात्र पूर्ण पगारी असायचे. कुणी कुणाला धोकादायक धक्का मारला की त्याचा व्हिडिओ समितीकडे यायचा आणि मंगळवारी संध्याकाळी तिघं जण फोनवर बसून शिक्षा ठरवायचे. अध्यक्ष मरे, निवृत्त वकील, आवाज मोठा, मन मोठं, स्मरणशक्ती सोयीची. दुसरी ट्रेसी, जुनी गोलकीपर. तिसरा रमण.

तो समितीवर आला तेव्हा सगळा कारभार मरेच्या मूडवर चालायचा. एकाने मागून ढकललं तर नुसती ताकीद, दुसऱ्याने तेच केलं तर पाच मॅच घरी. लोक शिव्या घालायचे, आणि बरोबरच घालायचे. रमणने चार रविवार बसून एक तक्ता बनवला. धक्का मागून मारला का, डोक्याला लागला का, वेग किती होता, हे तीन रकाने. चौथा रकाना दुखापतीचा आणि तोच सगळ्यांत जड. गुण मांडा, बेरीज करा, शिक्षा समोर. ओळखदेख नाही, मूड नाही. मरेने तक्ता बघून ‘स्वीट अ‍ॅज’ म्हटलं, म्हणजे इथल्या बोलीत ‘झकास’, आणि खेळाडू तक्त्याला ‘रमन्स टेबल’ म्हणायला लागले. रमणला त्याचा अभिमान वाटायचा. माणूस पूल आणि पाइपलाइनचा इंजिनिअर होता, आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं नाव कशाला तरी मिळालं होतं.

शुभम तिखे त्याला याच रिंकवर भेटला. पोरगा पुण्याचा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाकांच्या स्केटवर हॉकी खेळत वाढलेला, शिकायला म्हणून ऑकलंडला आला आणि पहिल्याच हिवाळ्यात बर्फावर उतरला. आता चोवीस वर्षांचा होता, पर्मनंट रेसिडेंट होता, दिवसा गोठवलेल्या भाज्यांच्या वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचा आणि शनिवारी लीगमध्ये खेळायचा. सगळ्या लीगमधला एकमेव मराठी खेळाडू. दर रविवारी दुपारी तो ऑकलंडच्या दक्षिणेला, पापाकुऱ्याला रमणच्या घरी जेवायला यायचा. विभावरी, रमणची बायको, सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानांपर्यंत गाडी हाणत जाऊन त्याच्यासाठी श्रीखंड आणायची. वल्लरीसाठी तिने एवढं कधी केलं नव्हतं, असं वल्लरी फोनवर इंग्रजीत म्हणायची.

गोष्ट २०१७च्या हिवाळ्यातली. जूनमध्ये एका पगारी परदेशी खेळाडूने एका ऑकलंडच्या पोराला मागून बोर्डावर आपटलं. बोर्ड म्हणजे रिंकभोवतीची ती छातीएवढी भिंत. तिच्यापासून दीड-दोन मीटरवर तिच्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाला मागून ढकलणं हा या खेळातला सगळ्यांत नीच प्रकार, कारण त्याला हात पुढे करायलाही वेळ मिळत नाही. पोराचा जबडा मोडला. चौथा रकाना भरला. बेरीज झाली, सहा मॅच. सगळ्यांना पटलं.

जुलैमध्ये क्रेग टलकने शुभमला तसंच मारलं.

टलक म्हणजे साउथकोस्ट टीमचा कॅप्टन, चौतीस वर्षांचा, गावाच्या फायर ब्रिगेडमध्ये फुकट काम करणारा, हसतमुख, सगळ्यांचा लाडका. रमणने दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावून पाहिले. तेच अंतर, तोच कोन, तोच वेग. दोन्हींत धक्क्याच्या क्षणी मार खाणाऱ्याच्या पाठीवरचा नंबर स्वच्छ दिसत होता, म्हणजे मारणाऱ्यालाही तो दिसत होता. एकावर एक ठेवले असते तर ओळखू आले नसते. फरक एवढाच की शुभमचं डोकं आपटलं, तो गुडघ्यांवर बसला, मग उठला आणि बाकावर जाऊन बसला. काही मोडलं नाही, रक्त नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. शुभम जेवायला आला तो काळा चष्मा लावूनच. घरात शिरला तरी काढेना.

“काय रे, फिल्मस्टार!” विभावरी म्हणाली.

“काही नाही काकू, ऊन लागतंय.”

बाहेर ढग होते. तिने चटणीसाठी मिक्सर लावला तसा पोराने दोन्ही हातांनी डोकं धरलं. श्रीखंडाची वाटी तशीच राहिली. थोड्या वेळाने तो वल्लरीच्या खोलीत जाऊन पडदे ओढून आडवा झाला, आणि रमणने दारातून पाहिलं तर तो झोपला नव्हता, भिंतीकडे तोंड करून एका हाताने पलंगाची कड घट्ट धरून पडला होता. जाताना त्याने अंगणातल्या पायरीवरून पाय चुकवला आणि हसून म्हणाला, “जँडल सटकली.” स्लिपरला इथे जँडल म्हणतात, आणि ती काही सटकली नव्हती.

“रमण, त्याला मिक्सरचा आवाजसुद्धा सोसवत नाहीये,” विभावरी म्हणाली. “तू समितीला सांग.”

रमणने सोमवारी मरेला फोन केला खरा, पण वेगळ्याच कारणासाठी. शुभम आपल्या घरी येतो, जेवतो, आपल्याच गावचा आहे, तेव्हा आपण या केसमधून बाजूला होतो, असं त्याने सांगितलं. मरे खो खो हसला. “मेट, या देशात सगळे सगळ्यांना ओळखतात. मी टलकच्या बापाबरोबर मासे मारलेत. तू बाजूला झालास तर मला व्हावं लागेल. आणि हो, सेक्रेटरी रजेवर आहे, त्या मुलाला दुखापतीचं विचारायचा फोन तूच कर. तुमच्या भाषेत बोल.”

खरं म्हणजे तिथेच हट्ट धरायला हवा होता. पण एकोणीस वर्षं परदेशात काढलेल्या माणसाच्या मानेवर एक भूत बसलेलं असतं. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं कुणी म्हणू नये हे ते भूत. इंडियन माणूस समितीवर बसला आणि इंडियन पोरासाठी गावाच्या लाडक्या कॅप्टनला सहा मॅच दिल्या, हे वाक्य रमणला कुणीही म्हणायच्या आधीच ऐकू यायला लागलं. कुणी म्हणालं नव्हतं. कदाचित म्हणणारही नव्हतं. पण दुधाने तोंड पोळायच्या आधीच हा माणूस ताक फुंकून प्यायला लागला होता.

त्याने पापाकुरा स्टेशनच्या फलाटावरून फोन लावला.

“शुभम, मी रमणकाका. समितीकडून बोलतोय बरं का, घरचा नाही. तुला काही त्रास होतोय? चक्कर, उलटी, डोकेदुखी?”

पलीकडे फोर्कलिफ्टचा बीप बीप आवाज येत होता.

“मस्त आहे काका. एकदम. शनिवारी खेळतोय ना.”

“नक्की?”

“नक्की. टेन्शन घेऊ नका.”

‘मस्त आहे’ म्हणजे काय हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. आई आयसीयूत असली तरी आपण फोनवर मस्तच असतो. रमण स्वतः २०११च्या भूकंपानंतर तीन महिने ख्राइस्टचर्चमध्ये इमारती तपासत हिंडला होता, तेव्हा पुण्याला रोज ‘मस्त आहे’ सांगायचा आणि रात्रभर टक्क जागा राहायचा. तिथे ज्युनिअर पोरांना तोच बजावायचा, बाहेरून भिंत धडधाकट दिसली म्हणून ‘सुरक्षित’चा हिरवा स्टिकर लावू नका, आत जाऊन बघा. इथे तर तो आत जाऊन आला होता. आपल्याच घरात, आपल्याच मुलीच्या खोलीत त्याने पाहिलं होतं.

पण ते घरातलं झालं, असं त्याने ठरवलं. घरात पाहिलेलं समितीत नेणं म्हणजेच पक्षपात. फोनवर जे सांगितलं तेवढंच खरं. मंगळवारी चौथ्या रकान्यात त्याने शून्य लिहिलं. बेरीज झाली, एक मॅच. मरे म्हणाला, “गुड ऑन यू, रमन. दुसऱ्या कुणी आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असतं.” रमणला बरं वाटलं. हे त्याला नंतर आठवायचं, की त्या क्षणी आपल्याला चांगलं बरं वाटलं होतं.

विभावरीने ते ऐकलं आणि दोन दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

शुभम शनिवारी खेळला. पुढच्या शनिवारीही खेळला. ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका क्लबची माणसं खेळाडू बघायला यायची होती, आणि शून्य दुखापतवाल्या खेळाडूला बाहेर बसवायला त्याच्या कोचकडे काही कारण नव्हतं. रविवारी तो जेवायला येईनासा झाला. काम आहे म्हणायचा.

तिसऱ्या शनिवारी जोश नावाच्या एका वीस वर्षांच्या पोराचा खांदा त्याला लागला. धक्का कसला, गर्दीच्या दुकानात लागतो तेवढाच. बाजूने, नियमात बसणारा. रमण टाइमकीपरच्या खोलीत काचेमागे बसला होता. शुभम हळूच खाली बसल्यासारखा बसला, मग आडवा झाला आणि उठला नाही. त्याच्या हातातली काठी घसरत घसरत बोर्डापर्यंत गेली. रमणने घड्याळ थांबवलं. त्याच्या हाताने ते आपोआप केलं.

रक्तस्राव मेंदूत झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं, आधीची जखम भरली नव्हती, तिच्यावर दुसरी बसली. पहिल्यानंतर महिनाभर विश्रांती मिळाली असती तर या धक्क्याने काहीही झालं नसतं. ऑपरेशन झालं, जीव वाचला. विभावरी बाहेरच्या खुर्चीत बसून रडत होती आणि रमणने तिच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तिने तो बाजूला केला.

मग मंगळवार आला. मंगळवार येतातच. जोशची केस समोर होती. पहिले तीन रकाने, शून्य, शून्य, शून्य. चौथा पूर्ण भरलेला, काठोकाठ. बेरीज, चौदा मॅच, लीगच्या इतिहासातली सगळ्यांत मोठी शिक्षा. ज्याने काही केलं नाही त्याला चौदा आणि ज्याने केलं त्याला एक. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोरी रमणने स्वतः वळलेली.

“हे चूक आहे,” तो म्हणाला. “टलकची केस पुन्हा उघडा. मी शून्य लिहिलं ते खोटं होतं. तो मुलगा माझ्या घरी आला होता, मी त्याची अवस्था पाहिली होती. मी ती नोंदवली नाही.”

मरे हळुवारपणे बोलायला लागला आणि तो हळुवारपणा शिव्यांपेक्षा वाईट होता. “मेट, तू अपसेट आहेस, साहजिक आहे. पण बंद झालेली केस बंद. टलकने त्याची मॅच भोगली. मुलगा स्वतः ठीक आहे म्हणाला, तसं रेकॉर्डवर आहे. आणि टेबल तुझंच आहे. तूच म्हणायचास ना, मूड नको, ओळख नको?”

दोन विरुद्ध एक मतांनी जोशला चौदा मॅच मिळाल्या. रमणने त्याच संध्याकाळी राजीनामा पाठवला. मरेने लगेच आभाराचं उत्तर दिलं आणि टेबल वापरत राहायची परवानगी मागितली.

सप्टेंबरमध्ये शुभमला मेंदूच्या रुग्णांच्या पुनर्वसन केंद्रात हलवलं. त्याची आई सुनीता पुण्याहून आली होती. लहान चणीची, शाळेत गणित शिकवणारी बाई. डोळे कोरडे, पाठ ताठ. शुभम आता चालायचा, बोलायचा, सगळ्यांना ओळखायचा. फक्त नवीन काही टिकत नव्हतं. टलकच्या त्या धक्क्यापर्यंतचं सगळं लख्ख, त्यानंतरचे आठवडे कोरे, आणि नवं काही सांगितलं तर दहा-पंधरा मिनिटांत पुसून जायचं. डॉक्टर म्हणायचे, सुधारेल कदाचित. ‘कदाचित’ हा शब्द ते जरा जपून वापरत होते.

रमणला तिथे जायला अकरा दिवस लागले. विभावरी रोज डबा घेऊन जायची, तो गाडीत बसून राहायचा. बाराव्या दिवशी दुपारी तो आत गेला.

“काका!” शुभमचा चेहरा उजळला. खिडकीपाशी खुर्चीत बसला होता, डोक्यावरचे केस नुकते फुटत होते. “बरं झालं आलात. त्या टलकला किती मॅच मिळाल्या हो?”

रमणने खरं सांगितलं. “एक.”

शुभमचा चेहरा बघता बघता उतरला. “एकच? त्या दुसऱ्याला तर सहा दिल्या होत्या. आणि काका, तुम्ही होतात ना समितीवर?”

“होतो.”

तो खिडकीबाहेर बघत राहिला. थोड्या वेळाने वळला, आणि पुन्हा तोच उजळलेला चेहरा. “काका! कधी आलात? टलकला किती मॅच मिळाल्या?”

रमणने चार वेळा ‘एक’ सांगितलं. चारही वेळा तो चेहरा पहिल्यांदाच उतरावा तसा उतरला, आणि चारही वेळा “तुम्ही होतात ना?” आलं. पाचव्या वेळी रमणला ते सोसवेना.

“सहा,” तो म्हणाला.

“येस!” शुभमने खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. “मला वाटलंच होतं. थँक्यू, काका.” आणि तो मागे टेकून डोळे मिटून शांत बसला. अकरा दिवस गाडीत बसलेल्या माणसाला ती शांतता पाहून एकीकडे हायसं वाटलं आणि दुसरीकडे स्वतःची शिसारी आली.

सुनीता दारात उभी होती. हातात धुतलेला डबा. तिने शेवटचं तेवढंच ऐकलं होतं.

“सहा दिल्यात?” ती आत येऊन म्हणाली. “मला कुणी सांगितलंच नाही. देव तुमचं भलं करो. मला फोनवर म्हणाला होता, आई, डोकं फुटतंय, पण काकांना सांगणार नाही. ते समितीवर आहेत. मी सांगितलं तर त्यांनी माझी बाजू घेतली असं लोक म्हणतील, त्यांची पंचाईत होईल. मी म्हटलं, अरे, सांग बाबा. नाही ऐकलं.” तिने डबा खाली ठेवला. “तरी तुम्ही बरोबर ओळखलंत. आपला माणूस तिथे होता, एवढं तरी समाधान.”

रमणला वाटलं, गप्प बसावं. ही बाई उद्या पुण्याला फोन करेल, नातेवाइकांना सांगेल, आमच्या शुभमला न्याय मिळाला. तिच्याकडे दुसरं उरलंय तरी काय? आणि हेही कळलं, की पुन्हा एकदा आपण चांगुलपणाच्या नावाखाली चुकीचा आकडा लिहितोय.

“सुनीताताई,” तो हळू आवाजात म्हणाला, “सहा नाही. एक दिली. मीच दिली. तो मस्त आहे म्हणाला, आणि तो मस्त नाही हे मला माहीत होतं. माझ्या घरी अंधारात पडून होता. पण मी पक्षपाती दिसू नये म्हणून शून्य लिहिलं. त्याला बाहेर बसवलं असतं तर तो आज...”

ती उभीच राहिली. ओरडली नाही, रडलीही नाही. वर्गात चुकीचं उत्तर आल्यावर बाई बघतात तसं बघत राहिली, आणि रमणने मान खाली घातली.

“मला सांगितलंत, बरं केलंत,” ती शेवटी म्हणाली. “मी तुम्हाला माफ करेन की नाही, मला माहीत नाही. आत्ता तरी नाही. पण त्याला सहाच सांगायचं. रोज येऊन सांगायचं. मी नाही, विभावरीताई नाही, तुम्ही. तो तुम्हाला विचारतोय.”

“रोज?”

“तो विचारतोय तोवर.”

खुर्चीत शुभमने डोळे उघडले. खोलीत कोण आहे हे बघायला त्याला एक क्षण लागला, मग त्याचा चेहरा फुलला.

“अरे, काका! कधी आलात? त्या टलकला किती मॅच मिळाल्या हो?”

सुनीता खिडकीपाशी गेली आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. रमणने खुर्ची पुढे ओढली.

“सहा,” तो म्हणाला.